सरकारी कंत्राटांतील मानवी तस्करीस प्रतिबंध (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय सरकारचे काम घेणाऱ्या कंपन्या, त्यांचे उपकंत्राटदार आणि भरती करणारे दलाल यांच्याकडून मजुरांची तस्करी वा वेठबिगारी होऊ नये, यासाठी केलेली कायदेशीर तजवीज. तस्करीपीडितांच्या संरक्षणाचा २००० सालचा कायदा हा तिचा पाया असून, अशा प्रकरणी कंत्राट रद्द करण्याची तरतूद २००३ मध्ये त्यात आली.

तिची निकड इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत उघड झाली. लष्करी तळांवरील स्वयंपाक, धुलाई व साफसफाईची कामे मुख्य कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे आणि मजूर जमवण्याचे काम तेथून दक्षिण आशियातील दलालांकडे जाई. ऑगस्ट २००४ मध्ये इराकमधील अमेरिकी तळाकडे नेले जात असताना अपहरण झालेल्या १२ नेपाळी तरुणांची अतिरेक्यांनी हत्या केली. त्यांतील अनेकांना जॉर्डनमधील हॉटेलात नोकरी मिळेल असे सांगण्यात आले होते. दलालाला द्यायच्या पैशांसाठी काढलेले कर्ज आणि काढून घेतलेला पासपोर्ट यांमुळे असा मजूर काम नाकारूच शकत नाही. म्हणूनच भरती-शुल्कावरील (नोकरी मिळवून देण्यासाठी मजुराकडून घेतल्या जाणाऱ्या पैशांवरील) बंदी हे या नियमांतील सर्वांत मोलाचे कलम होय.

२५ सप्टेंबर २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी काढलेला आदेश क्र. १३६२७ आणि त्यापाठोपाठ संसदेने केलेला कायदा यांना अनुसरून संघीय खरेदी नियमांत बदल झाले व ते २ मार्च २०१५ पासून लागू झाले. ओळखपत्रे अडकवणे, पगार, कामाचे ठिकाण वा निवासाबद्दल दिशाभूल करणे आणि राहण्यास अयोग्य जागा देणे यांस मनाई आहे. लेखी करारपत्र आवश्यक असेल तेथे ते मजुराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, आणि कामासाठी स्थलांतर करायचे असल्यास निघण्यापूर्वी किमान पाच दिवस ते त्याच्या हाती पडले पाहिजे. कामासाठी परदेशातून आणलेल्या मजुराच्या परतीच्या प्रवासाचा खर्चही, काही अपवाद वगळता, कंत्राटदारावर येतो. शुल्काला वेगळे नाव देऊन पळवाट काढता येऊ नये म्हणून जानेवारी २०१९ पासून त्याची व्याख्या व्यापक करण्यात आली. व्हिसा, वैद्यकीय तपासणी यांचे पैसे आणि पगारातून केलेली कपातही तीत येते.

अमेरिकेबाहेरील ठरावीक रकमेवरच्या कामांसाठी (२०१५ मध्ये ही मर्यादा पाच लाख डॉलर होती) तस्करी रोखण्याचा आराखडा व त्याची अंमलबजावणी केल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी द्यावे लागते. मात्र बाजारात तयार मिळणाऱ्या मालाला ही अट लागू नाही, आणि ही सूट फार मोठी आहे. तस्करीची विश्वसनीय माहिती मिळताच कंत्राटदाराने ती संबंधित अधिकारी व महानिरीक्षक (सरकारी खात्यातील गैरप्रकारांची चौकशी करणारा अधिकारी) यांना कळवणे बंधनकारक आहे. उल्लंघन झाल्यास देयके रोखणे, कंत्राट रद्द करणे किंवा कंपनीला काळ्या यादीत टाकणे असे उपाय योजता येतात.