स्त्रीपार्ट पुरुषांकडून बायकांकडे कसा आला: थोडी पार्श्वभूमी

दर वर्षी २६ जूनला, संगीत नाटकातले नट बालगंधर्व यांच्या जयंतीला, त्यांचा शालू नेसलेला, नथ घातलेला तो फोटो मोबाईलवर फिरतो आणि खाली कोणीतरी हमखास लिहितं की त्या काळी बायकांना नाटकात काम करायला बंदी होती म्हणून पुरुष साड्या नेसून बायकांची कामं, म्हणजे स्त्रीपार्ट, करायचे. बंदी वगैरे काही नव्हती हो. कुठल्या सरकारने असा कायदा केला नव्हता. बायका गात होत्या, नाचत होत्या, पैसे घेऊन लोकांसमोर उभ्या राहत होत्या, फक्त कुठल्या बायका आणि कुणासमोर हा प्रश्न होता. ते नीट कळायला थोडं मागे जावं लागतं.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीता अर्थातच मुलगा होता, दशावतारासारख्या लोकनाट्यापासून तेच चालत आलेलं, त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नसणार. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' आणलं आणि संगीत नाटकाची लाट सुरू झाली. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर आले, बडोद्याचे, सगळे त्यांना भावड्या म्हणायचे, पल्लेदार आवाज आणि दिसायला देखणे, मग शकुंतला तेच, सुभद्रा तेच, वसंतसेना पण तेच. पब्लिक वेडं झालं होतं. नंतर वय झाल्यावर ते पुरुष भूमिकांकडे वळले, 'शारदा'मध्ये कोदंड केला, आणि १९०१ मध्ये गेले.

आता यात बाईला का घेत नव्हते? एक तर नाटक कंपनी म्हणजे काय प्रकार होता ते बघा. पन्नास-साठ पुरुष एकत्र राहणार, एका पंगतीत जेवणार, वर्षातले कितीतरी महिने गावोगाव मुक्काम. स्वतः नटांनाच समाजात फारशी किंमत नव्हती, 'नाटक्या' म्हटलं की मुलगी द्यायला लोक कचरायचे, तिथे घरातल्या सुनेला कोण पाठवणार. दुसरं कारण लोक पटकन बोलत नाहीत, ते म्हणजे जात. तमाशात आधी नाच्या पोऱ्याच बाईचं काम करायचा, पण पुढे बायका फडावर आल्या, पहिली बाई म्हणून पवळाबाईंचं नाव घेतलं जातं, पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा. बापूराव ब्राह्मण घरातले आणि पवळा महार समाजातली. लोक गर्दी करून बघायला जायचे आणि घरी येऊन नावं ठेवायचे. कलावंतीण, नायकीण यांचं गाणंही असंच, बैठकीला चालतं पण घराण्याचं नाव लावून चालत नाही. म्हणजे स्टेजवर बाई नव्हती असं नाही, 'आपली' बाई नव्हती एवढंच. आणि पांढरपेशा प्रेक्षकाला नाटकात बघायची होती ती नेमकी 'आपली' बाई, कुलीन, लाजणारी, नऊवारीतली, गोड गळ्याची. ती पुरुषाने उभी केली की कुणाच्याच अब्रूला धक्का नाही. सोय होती ती सगळ्यांची. (बेळगावकडे निव्वळ बायकांच्या नाटक मंडळ्या पण होऊन गेल्या, तिथे पुरुषांची कामंही बायकाच करायच्या! त्यांच्याबद्दल आपण जवळजवळ काही बोलत नाही, आणि का बोलत नाही त्याचं उत्तर वरच आलं.)

या सोयीचं शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म १८८८, किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ मध्ये. 'बालगंधर्व' हे नाव टिळकांनी दिलं असं सगळे सांगतात. १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही आणि नायिका भामिनी उभी केली. ही गोष्ट आपल्याकडे त्यागाची म्हणून सांगतात, मला मात्र दर वेळी घरी त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं काय झालं असेल हेच आधी डोक्यात येतं, तो भाग कुणी सांगत नाही. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी निघाली. मग १९१६ ला 'स्वयंवर'ची रुक्मिणी, १९१९ ला 'एकच प्याला'ची सिंधू. साथीला अहमदजान थिरकवा तबल्यावर, कादरबक्ष सारंगीवर, खरे शालू, खरी अत्तरं, खर्चाला हात आखडायचा माहीतच नाही. चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, तसा अंबाडा घालून वर फुलं माळायला लागल्या. म्हणजे बघा, बाईने कसं दिसावं कसं चालावं हे एक पुरुष ठरवत होता आणि बायका ते बघून घरी आरशासमोर उभ्या राहत होत्या. ही गंमत आहे खरी, पण पुढे ज्या बायका स्टेजवर आल्या त्यांच्यासाठी ही मोठी अडचणच होऊन बसली कारण त्यांना बाई म्हणून नाही, गंधर्वांच्या बाईशी तुलना करून मोजलं गेलं.

बालगंधर्वांच्या तोडीचे एकच, केशवराव भोसले, कोल्हापूरचे. त्यांनीही सुरुवात पोरवयात 'शारदा'तल्या शारदेपासूनच केलेली. १९०८ ला हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, कंपनीचे मालक झाले तेव्हा वय अठरासुद्धा नव्हतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका स्टेजवर. शंभर रुपयांपर्यंत तिकीट गेलं म्हणतात, १९२१ चे शंभर रुपये! आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले, वय फक्त ३१.

तिकडे सिनेमात काय चाललेलं तेही याच काळातलं. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. नाटकात स्त्रीपार्ट चालतो पण आपल्याला खरी बाई पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, नाचगाण्याच्या वस्तीतसुद्धा विचारून आले पण तिथल्या बायकांनीही नाही म्हटलं, सिनेमा हा त्यांच्याही लेखी खालचा धंदा! शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके सापडले, नाजूक बांध्याचे, तिथे दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. बाकीच्या पुरुषांना मिशी काढायला लावायची तेव्हा 'आमचे वडील अजून जिवंत आहेत' म्हणून काहींनी नकार दिला हाही किस्सा सांगतात. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात सिनेमा लागला. साळुंके स्टार झाले, १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच.

पण त्याच १९१३ मध्ये, पुढच्याच सिनेमात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये फाळक्यांना दोन खऱ्या बायका मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती, आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी, तेरा-एक वर्षांची. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन मुलीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीत शिरलेल्या. पोट भरायचं होतं, दुसरा मार्ग नव्हता, समाजाने टाकलं तर टाकलं. ही मोहिनी म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. त्या पुढे नाटकात पुरुषांची कामंसुद्धा करायच्या, आणि दणक्यात करायच्या. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त धाडस या मायलेकींचं, पण शाळेच्या पुस्तकात साळुंके येतात आणि या येत नाहीत.

नंतरची पंधरा वर्षं फार काही हललं नाही असं वरवर वाटतं. दीनानाथ मंगेशकर १९२७ च्या 'रणदुंदुभी' नाटकात तेजस्विनी करत होतेच. १९२९ च्या सुमाराला गायिका हिराबाई बडोदेकर, गायक अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलगी, भावंडांना घेऊन नाटक कंपनीत उतरल्या, बायकांची कामं बायकांनी आणि पुरुषांची पुरुषांनी करायची असं ठरवून. गाणं उत्तम, कारभार काही जमला नाही, कर्ज झालं. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक. गोव्याच्या ज्योत्स्नाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. पदं थोडी, दिवाणखाना दिवाणखान्यासारखा, बोलणं घरात बोलतात तसं. अशा नाटकात पुरुषाने बाई करणं शोभणारच नव्हतं, कारण स्त्रीपार्ट तरत होता तो गाण्यावर आणि थाटावर, साध्या बोलण्यावर नाही.

आणि खरा घाव घातला तो बोलपटाने. १९३२ ला प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात पहिला मराठी बोलपट केला, 'अयोध्येचा राजा', गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच. तारामती दुर्गा खोटे. मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यात जन्मलेली, कॅथेड्रल आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेली मुलगी, सासरची परिस्थिती खालावली म्हणून सिनेमात आलेली. आदल्या वर्षी 'फरेबी जाल' नावाच्या सिनेमात छोटं काम केलं तर केवढा गदारोळ झाला होता, चांगल्या घरची मुलगी असल्या सिनेमात कशी. तरी प्रभातने बोलावलं आणि त्या गेल्या. समोर हरिश्चंद्र म्हणून कोण, तर गोविंदराव टेंबे! ज्यांनी 'मानापमान'ला संगीत दिलं, गंधर्व मंडळी काढायला मदत केली तेच. अण्णा साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गा खोट्यांच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षं. चार वर्षांनी त्याच दुर्गाबाई 'अमर ज्योती'मध्ये चाच्यांच्या टोळीची म्होरकी सौदामिनी झाल्या, म्हणजे नुसती सोज्वळ तारामती करून थांबल्या नाहीत. प्रभातमध्येच पुढे शांता आपटे आल्या, 'कुंकू'तली नीरा, आणि १९३९ मध्ये कराराच्या भांडणावरून त्या चक्क स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. पवळा असो की हिराबाई, अशी हक्काची मागणी करायची जागाच आधी कुठल्या बाईला नव्हती.

सुधारकांनी लेख लिहून जे झालं नाही ते कॅमेऱ्याच्या क्लोजअपने झालं असं माझं मत आहे. थिएटरात दहाव्या रांगेतून गॅसबत्तीच्या उजेडात जे चालून जातं ते पडद्यावर वीस फुटांच्या चेहऱ्यात चालत नाही. बालगंधर्व कर्जात बुडालेले, १९३५ ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त आले (मूळ नाव 'महात्मा', सेन्सॉरने बदलायला लावलं), त्यात ते संत एकनाथ, म्हणजे पुरुषच. लोकांना ते पुरुषवेषात पचले नाहीत. मग १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त कॅमेऱ्यासमोर स्त्रीवेष केला, तोही चालला नाही. दोन्हीकडून कोंडी. उलट विष्णुपंत पागनीस बघा, तेही नाटकात स्त्रीपार्ट करायचे, 'संत तुकाराम'साठी दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी त्यांना निवडलं तेव्हा हा बायकी माणूस तुकाराम कसा करणार म्हणून प्रभातमध्येच कुरकूर झाली होती. १९३६ ला पिक्चर आलं आणि लोक त्यांना तुकाराम समजून पाया पडायला लागले. त्या चालण्यातली मऊ लय, ते कमी बोलणं, मला तरी वाटतं ते स्त्रीपार्टातूनच आलेलं.

बालगंधर्व पन्नाशी उलटली तरी रुक्मिणी करत राहिले. १९३८ च्या आसपास गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या, गायिका अमीरबाई कर्नाटकींची बहीण, मुसलमान, गंधर्वांची गायकी गळ्यात मुरवलेली. त्यांच्यावर लोकांनी जेवढी राळ उडवली तेवढी कंपनीच्या कर्जावरही उडवली नाही. १९५१ ला दोघांनी लग्न केलं, १९६४ ला गोहरबाई गेल्या, १५ जुलै १९६७ ला बालगंधर्व. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन त्यांच्याच हातून झालेलं, उद्घाटन बघायला मात्र ते राहिले नाहीत.

स्त्रीपार्ट गेला म्हणजे पुरुषाने साडी नेसणं गेलं असं नाही, फक्त ते विनोदात जाऊन बसलं. अत्र्यांची 'मोरूची मावशी', त्यात विजय चव्हाणांनी केलेली मावशी, आणि १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी', लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती नि सचिनची सुधा, आजही टीव्हीवर लागला की घरात कुणी चॅनल बदलत नाही. हसणं ठीक आहे, पण त्याची दुसरी बाजू गणपत पाटलांनी भोगली. कोल्हापूरचा कसलेला नट, तमाशापटांत नाच्या इतका हुबेहूब केला की लोक खऱ्या आयुष्यातही त्यांना तेच समजायला लागले, घरच्यांनाही टोमणे ऐकावे लागले, वेगळं काम कुणी फारसं दिलं नाही. भामिनीला ओवाळणारा समाज तोच, नाच्याला हिणवणाराही तोच.

तळकोकणात दशावतारात मात्र आजही पुरुषच स्त्रीभूमिका करतात आणि कुणी हसत नाही. ओमप्रकाश चव्हाणांसारखे कलाकार रात्री देवळासमोर राणी म्हणून उभे राहिले की म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. सिंधुदुर्गात जत्रांच्या दिवसांत गेलात तर एक रात्र जागून बघाच, जागा मिळवायची तर लवकर जाऊन चटई टाकावी लागते.