आधी मालक, मग समाज: सिव्हिल इंजिनिअरच्या आचारसंहितेची पार्श्वभूमी

१९१४ च्या सप्टेंबरात अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने आपली पहिली आचारसंहिता मंजूर केली. कलमं अवघी सहा. मालकाशी विश्वासाने वागावं, ठरल्या मोबदल्याबाहेर पैसा घेऊ नये. दुसऱ्या इंजिनिअरची खोटीनाटी बदनामी करू नये. त्याच्या हाताशी आलेलं काम पळवू नये. फी पाडून स्पर्धा करू नये. त्याला न कळवता त्याचं काम तपासू नये. स्वतःची टिमकी वाजवणारी जाहिरात करू नये. संपलं. पुलावरून जाणाऱ्या माणसाचा किंवा धरणाखालच्या गावाचा त्यात उल्लेखच नाही.

ही संस्था १८५२ ची. १८७७ मध्ये आचारसंहितेचा विषय निघाला होता, तेव्हा सभासदांना त्यांच्या खासगी व्यवसायातली कर्तव्यं सांगत बसणं संस्थेला योग्य वाटलं नाही. इंजिनिअर हा सभ्य गृहस्थ असतो, त्याला वेगळं काय सांगायचं, ही त्या काळाची समजूत. इंग्लंडमध्ये १८१८ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सला १८२८ मध्ये सनद मिळाली. निसर्गातल्या प्रचंड शक्ती माणसाच्या उपयोगासाठी आणि सोयीसाठी वळवण्याची कला, अशी व्यवसायाची व्याख्या त्या सनदेत आहे. व्याख्या आजही वाचायला सुंदर वाटते. पण त्यात माणसाची सोय आहे, त्याचा जीव गृहीत धरलेला आहे.

१९१४ ची सहा कलमं वाचताना मला राहून राहून क्वेबेकचा पूल आठवतो, कारण तो त्याआधी सातच वर्षं पडला होता.

कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीवरचा हा पूल. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर, अमेरिकेतलं पूलबांधणीतलं मोठं नाव. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेण्याचा निर्णय त्यांचाच. गाळा वाढला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब जुन्याच अंदाजावर राहिला. चूक लक्षात आली तेव्हा बरंच पोलाद तयार झालं होतं. वाढलेला ताण चालून जाईल, असं कूपर यांनी ठरवलं. सरकारने त्यांचं डिझाइन दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं, याला त्यांनी आधीच विरोध केला होता. प्रकृतीमुळे ते न्यूयॉर्क सोडत नव्हते आणि पोलादाची उभारणी चालू असताना एकदाही साइटवर गेले नाहीत.

साइटवर त्यांचा माणूस होता नॉर्मन मॅक्लूर. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या बाजूचे दाब घेणारे पोलादी भाग वाकू लागले. त्यातल्या एकाचा बाक आधी पाऊण इंच भरला होता, २७ ऑगस्टला तो सव्वादोन इंच निघाला. भार तसाच चढत होता. मॅक्लूर स्वतः न्यूयॉर्कला गेले. २९ ऑगस्टच्या दुपारी कूपर यांनी तार केली की सगळ्या गोष्टींचा नीट विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार टाकू नका. तार गेली पेनसिल्व्हानियातल्या कंत्राटदार कंपनीच्या कचेरीत. क्वेबेकला काम थांबलं नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, सुट्टी व्हायच्या वेळी, पूल नदीत कोसळला. ८६ पैकी ७५ कामगार गेले. त्यांत काहनवाके वस्तीतले मोहॉक लोक मोठ्या संख्येने होते. चौकशी आयोगाने दोन इंजिनिअरांच्या निर्णयातल्या चुकांवर बोट ठेवलं, त्यांतले एक कूपर. १९१६ मध्ये मधला भाग चढवताना तो पुन्हा पडला आणि आणखी १३ जण गेले.

१९०७ ची दुर्घटना डोळ्यांसमोर घडलेली असताना व्यवसायाने १९१४ मध्ये कलम काय लिहिलं? दुसऱ्याला न कळवता त्याचं काम तपासू नये. त्यामागे सभ्यपणाचा हेतू असेल, पण क्वेबेकनंतर त्याची गरज होती असं मला वाटत नाही. तिथे तपासणीच कमी पडली होती.

कॅनडात मात्र वेगळं काही घडलं. प्राध्यापक हॉल्टन यांनी १९२२ मध्ये नव्या इंजिनिअरांसाठी शपथविधीची कल्पना मांडली आणि १९२५ मध्ये पहिला विधी झाला. तेव्हापासून तिथले नवे इंजिनिअर काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. ड्रॉइंगवर हात टेकला की ती कागदाला घासते. अंगठी क्वेबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असं सांगतात. ते खरं नाही.

१९२८ मध्ये कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं. त्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्याचे मुख्य इंजिनिअर विल्यम मुलहॉलंड यांनी गळती बघून धरण सुरक्षित असल्याचं सांगितलं होतं. चारशेहून अधिक माणसं वाहून गेली. पुढच्याच वर्षी त्या राज्यात सिव्हिल इंजिनिअरला नोंदणी सक्तीची झाली. लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि हित सर्वांत वर, हे तत्त्व अमेरिकन सोसायटीच्या संहितेत यायला मात्र १९७६ उजाडलं. त्याआधीच, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, फी पाडू नये हे कलम सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे काढावं लागलं होतं.

आपल्याकडे वाट निराळी होती. सार्वजनिक बांधकाम खातं १८५४ च्या आसपास उभं राहिलं, पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्गही १८५४ चाच. इथला इंजिनिअर सुरुवातीपासून सरकारी नोकर, त्यामुळे नीती म्हणजे नोकरीचे वर्तणूक नियम. आणि एमबी, म्हणजे मोजमाप वही. पानांना छापील क्रमांक, नोंद शाईने, खाडाखोड चालत नाही. चुकलं तर रेघ मारून शेजारी सही करायची. ज्युनिअर इंजिनिअर साइटवर रुजू होतो तेव्हा सगळ्यात आधी त्याला ही वही शिकवतात. प्रामाणिकपणाची इतकी काटेकोर सवय क्वचितच दुसऱ्या कुठल्या खात्यात असेल. पण ती वही तिजोरी राखते. काम किती झालं ते ती सांगते, ते उभं राहील का हे नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते याच फटीतून. काम लवकर पुरं करायची घाई होती, पोलादाची टंचाई होती, धरणाखालून जाणाऱ्या पाण्याच्या मोरीचं काँक्रीट सळईविना झालं होतं. काम अपुरं असतानाच पावसाळ्यात धरण भरलं. मोरीवरची माती खचू लागली आणि रात्रभर जवान वर वाळूच्या गोण्या रचत राहिले. सकाळी पानशेत गेलं, मग खडकवासला गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

वास्तुविशारदांसाठी देशात १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरसाठी तसा स्वतंत्र केंद्रीय कायदा आजही नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची आचारसंहिता आहे, पण तिथलं सभासदत्व ऐच्छिक. घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यात इंजिनिअरची सही आली ती घर घेणाऱ्यांचे पैसे ठेवलेल्या बँकेतल्या वेगळ्या खात्यातून पैसे काढताना, काम किती झालं याच्या दाखल्यावर. घराच्या बांधणीत पाच वर्षांत दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने. त्या कलमात इंजिनिअरचं नाव नाही.