क मध्ये ८९६ मिळवा

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूरला मामांचं किराणा दुकान आहे. उधारीची यादी मराठीत. बिलावर मात्र नाव-पत्ता कन्नडातही हवा, म्हणून मराठी अक्षरं कन्नडात बदलणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कोडचे कामाचे तुकडे मी एका वहीत (हो, कागदाच्या) उतरून ठेवतो. त्यात एक जुनी ओळ सापडली: ‘अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवा.’

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. फरक ८९६. ख, ग, ळ, वेलांट्या, अनुस्वार, आकडेसुद्धा तेवढ्याच अंतरावर. हा योगायोग नव्हे. आधीच्या ‘इस्की’ या भारतीय मानकात मुख्य भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवल्या होत्या. युनिकोडने तो साचा उचलला आणि त्यातल्या प्रत्येक लिपीला १२८ खोल्यांची चाळ दिली. देवनागरीपासून पुढची सातवी चाळ कन्नडची. सात गुणिले १२८, म्हणजे ८९६.

पुढचं प्रोग्रामिंगच्या भाषेवर अवलंबून. पायथनमध्ये अक्षराचा आकडा करा, ८९६ मिळवा, परत अक्षर करा, काम झालं. जावास्क्रिप्टमध्ये घाईत नुसतं ‘क’ अधिक ८९६ लिहिलंत तर ‘क’ला ८९६ चिकटवून मिळतं, तक्रार काही नाही! पायथन निदान भांडतो तरी. जावात बेरीज होते, पण हाती आकडा येतो, तो पुन्हा अक्षरात बसवावा लागतो. सीमध्ये मात्र एकेक बाइट वाचत गेलात की फसलात: युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ‘क’ तीन बाइटांचा, आणि एका बाइटात २५५च्या वर काही मावत नाही. वहीत त्या ओळीशेजारी एवढं सगळं लिहिलं तेव्हा कुठे ती कामाची झाली.

पहिलंच बिल बेळगावच्या कॉलेज रोडचं निघालं आणि ‘क’नंतर चौकोन उमटला. कन्नडच्या चाळीत ‘ॉ’ची खोली रिकामीच आहे, कारण तिकडे साधा काना देऊन ‘कालेज’ लिहितात. ते बदललं.

मामांनी बिल डोळ्यांजवळ धरलं. ‘‘रोडऽ? हे काय की रे?’’

मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. कन्नड वाचणारा तो म्हणतो. म्हणून शेवटच्या व्यंजनाला हलन्त जोडायचा नियम घातला. लगेच रामचंद्र नावाच्या एका गिऱ्हाइकाचा ‘चंद्र’ लंगडा झाला, कारण जोडाक्षरानंतरचा ‘अ’ आपणही म्हणतोच. जोडाक्षर असेल तर हलन्त नको, असं खाली लिहिलं.

मग एका पत्त्यात ‘पार्क’ आला.