नाइट फ्रॉग की इंदिराना? रंग बघू नका, पिल्लं कुठे आहेत ते बघा

जून लागला की सह्याद्रीतल्या बेडकांच्या फोटोंखाली तोच घोळ. ओढ्याकाठचा तपकिरी, सुरकुतलेला बेडूक दिसला की कुणी ‘नाइट फ्रॉग’ म्हणतं, कुणी ‘इंदिराना’. हे बेडकांचे दोन वेगळे गट. कशावरून? ‘रंगावरून!’ अहो, रंगाचं नाव काढू नका. तपकिरी दोन्ही, बोटांच्या टोकांना चकत्या दोघांच्या, नराच्या मांडीवर ग्रंथी दोघांनाही.

इंदिराना तुमच्या ओळखीचा: पाऊल वाजलं की पाचोळ्यातून लांब उडी मारून पसार होणारा. आंबोलीतून २०१४ साली जगासमोर आलेली इंदिराना चिरावासी ही जात त्यातलीच. दिवसा चेहऱ्याचा फोटो मिळाला तर डोळ्यातली बाहुली बघायची. इंदिरानाची आडवी, नाइट फ्रॉगची शंकरपाळ्यासारखी. पण फोटो मात्र सगळ्यांना पाठीचाच काढायचा असतो.

खरी गल्लत पुढे आहे. ‘दोघेही ओढ्यातलेच’ हे वाक्य अर्धंच खरं.

पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींचं नाव १९५५ साली ज्याला मिळालं, तो हुमायूनचा नाइट फ्रॉग घ्या. त्याची मादी अंडी घालते ती पाण्यावर झुकलेल्या पानांवर. पिल्लं फुटली की थेट खाली पाण्यात. म्हणजे वर झाडोरा हवा आणि खाली वाहता ओढाही. कोयनेजवळच्या हुंबरळीतल्या निरीक्षणांवरून २०१६ साली कळलं की यात नर मादीला मिठीही मारत नाही. हात पानावर टेकून तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो आणि अंडी पडायच्या आतच निघून जातो.

इंदिरानाचा संसार ओल्या कातळावर. त्याचे बेडूकमासे डबक्यात पोहत बसत नाहीत. दगडावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात चिकटून शेवाळ खरवडतात. शेपटी लांब, मागचे पाय लवकर फुटलेले, बोट जवळ नेलं की टुणकन उडतात. त्यांना घाटरस्त्याकडेची पाझरती दरडही पुरते. म्हणूनच काठावरची झुडपं साफ करून ओढ्याचं ‘सुशोभीकरण’ केलं की आधी नाइट फ्रॉगची पानं जातात, आणि दरडीला सिमेंट फासलं की इंदिरानाचं शेवाळ.

आणि एक. कातळावर शेपटीवाली पिल्लं दिसली की ती ‘बिचारी वाहून आली’ म्हणून ओंजळीत धरून ओढ्यात सोडणारे दरवर्षी भेटतात. कृपा करा, हात खिशात ठेवा. ती आपल्या घरीच असतात.