घटीचा रकाना

दिवाळीनंतर धरणगाव-बोदवडच्या रस्त्यांना कापसाच्या गाड्यांची रांग लागली की जिनिंगमधल्या दिवाणजीला मान वर करायला फुरसत नसते. वहीत एका बाजूला आलेला कापूस, दुसऱ्या बाजूला रुई आणि सरकी. क्विंटलभर कापसातून साधारण 34-35 किलो रुई निघते, 62-63 किलो सरकी. बेरीज शंभर भरत नाही. उरलेले दोन-तीन किलो 'घट' म्हणून लिहायचे: धूळ, पाला, उडालेले तंतू, वाळून गेलेला ओलावा. घट नेहमीएवढी असेल तर कुणी विचारत नाही. पाच किलोवर गेली की मात्र मालक वही मिटू देत नाही. माल ओला घेतला का? काटा बिघडला का? की रुईला पाय फुटले?

मला या रकान्याचं फार मोल वाटतं, कारण आधुनिक रसायनशास्त्र याच प्रश्नावर उभं राहिलं. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए हा करवसुलीच्या मक्त्यातला भागीदारही. जमाखर्च अंगात मुरलेला. (या मक्त्यापायीच 1794 मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं.) 1789 च्या ग्रंथात त्यानं साखर आंबवण्याचा हिशेब मांडला: साखर, पाणी, यीस्ट एकीकडे, मद्यार्क, निघालेला वायू आणि गाळ दुसरीकडे, दोन्ही वजनं सारखीच यायला हवीत. वायू उडून गेला म्हणून घट धरायची नाही, तो कोंडून तोलायचा. त्यातले बरेच आकडे पुढे दुरुस्त करावे लागले, रीत मात्र टिकली. शाळेत आपण रासायनिक समीकरण 'संतुलित' करतो ते त्याच वहीचं पान.

याच रीतीनं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेला झोप लागू दिली नाही. एकाच काचगोळ्यात त्यानं नायट्रोजन भरून तोलला. हवेतून काढलेला 2.310 ग्रॅम भरला, रसायनांपासून बनवलेला 2.299. फरक 11 मिलिग्रॅम, सरकीच्या एका दाण्याहूनही कितीतरी हलका. दुसऱ्या कुणी काट्याला दोष देऊन विषय संपवला असता. रॅलेनं पुन्हापुन्हा तोललं आणि 1892 मध्ये नियतकालिकात पत्र लिहून कोडं सर्वांपुढे ठेवलं. 1894 मध्ये त्यानं आणि विल्यम रॅमसेनं उत्तर दिलं: हवेतल्या नायट्रोजनमध्ये आरगॉन नावाचा वायू मिसळलेला होता. आपल्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो, आणि तोवर कुणाच्या वहीत त्याचं खातंच नव्हतं.

किरणोत्सारात तर ऊर्जाच कमी भरत होती. अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडे, पण हिशेब जुळेना. नील्स बोरसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडायला तयार झाला होता. व्होल्फगांग पाउलीनं 1930 मध्ये दुसरी वाट धरली: न दिसणारा एखादा कण ही तूट घेऊन जात असावा. आपल्याकडे मेळ न बसलेली रक्कम उचंत खात्यात टाकतात, तशीच ही नोंद. ती 26 वर्षं तिथेच पडून होती. 1956 मध्ये अणुभट्टीशेजारी लावलेल्या उपकरणात तो कण, म्हणजे न्यूट्रिनो, सापडला आणि रक्कम त्याच्या नावे वळती झाली.