गुडघ्याची अकाली झीज, मेनिस्कस काढल्यानंतरची

गुडघ्यातील फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, शस्त्रक्रियेने पूर्ण किंवा अंशतः काढल्यानंतर त्याच गुडघ्यात नेहमीच्या वयाआधी दिसू लागणारा अस्थिसंधिशोथ. बोलीत याला ‘गॅप कमी झाली’ किंवा ‘गुडघा झिजला’ म्हणतात. ‘अकाली’ची सीमा कोणत्या वयाला धरावी याबाबत एकमत नाही. क्ष-किरण चित्रात बदल दिसण्याआधीची अवस्था या व्याख्येत घ्यावी की नाही, हाही वाद आहे.

मांडीच्या हाडाचे टोक गोल आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट असतो. या विसंगत जोडीत भार पसरवण्याचे काम दोन अर्धचंद्राकृती गाद्या करतात. पाय सरळ असताना त्या सांध्यातून जाणाऱ्या भाराचा सुमारे निम्मा वाटा उचलतात, तर गुडघा काटकोनात वाकवल्यावर सुमारे ८५ टक्के. गादी गेली की तोच भार कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाच्या, लहानशा भागावर एकवटतो. बाहेरच्या बाजूची गादी काढल्यास झीज लवकर येते. कारण तिथे नडगीचा माथा किंचित फुगीर असतो. प्रौढांत रक्तपुरवठा गादीच्या बाहेरच्या काठालाच पोचत असल्याने आतल्या भागातील फाट सहसा सांधत नाही.

ही गादी निरुपयोगी अवशेष आहे, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शल्यविशारद ब्लँड-सटन यांनी मांडले होते. विशेष म्हणजे एडिंबरोचे शल्यविशारद ॲनंडेल यांनी १८८३ च्या सुमारास फाटलेली गादी शिवून दाखवली होती. तरीही पुढची अनेक दशके ती सबंध काढून टाकण्याचीच रीत राहिली. किंग यांनी १९३६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून गादी काढण्याचे दुष्परिणाम दाखवले. निर्णायक मानला जातो तो मात्र ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांचा १९४८ चा निबंध. त्यांनी क्ष-किरण चित्रांत तीन बदल नोंदवले : मांडीच्या हाडाच्या कडेला उमटलेली धार, त्याच्या टोकाला आलेला सपाटपणा आणि सांध्यातील अरुंद झालेली जागा. हे बदल आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

दोष शस्त्रक्रियेचा की मूळ दुखापतीचा, यावर मतभेद आहेत. स्वीडनमधील एका अभ्यासात पूर्ण गादी काढलेल्यांत २१ वर्षांनी, तुलनेच्या गटापेक्षा क्ष-किरणी झिजेचा धोका सुमारे १४ पट आढळला. परंतु पुढील संशोधनातून असे दिसते की मध्यम वयात गादीची फाट कधी कधी झिजेचेच आरंभीचे लक्षण असते. मग शस्त्रक्रिया कारण ठरत नाही, ती केवळ वाटेत येते. लोहमांडर आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या आढाव्यानुसार पुढचा क्रुसिएट अस्थिबंध (गुडघ्याच्या आत मांडी आणि नडगीच्या हाडांना जोडणारा पट्टा) किंवा गादी फाटलेल्यांपैकी सरासरी निम्म्यांना १० ते २० वर्षांत झीज होते, आणि अस्थिबंधाची पुनर्रचना केल्याने ती टळते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. दोन्ही कारणे एकत्र काम करतात, तरुणाच्या ताज्या फाटीत मात्र काढलेल्या भागाचे प्रमाण महत्त्वाचे, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

टोकियोच्या वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटलेला भाग काढला आणि पूर्ण उच्छेदनाची प्रथा हळूहळू मागे पडली. फिनलंडमधील २०१३ च्या चाचणीत, झीज नसलेल्या पण गादी वयोमानाने विरलेल्या १४६ रुग्णांत, अशी अंशतः शस्त्रक्रिया वर्षभरानंतर दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा (जिच्यात गादी प्रत्यक्षात काढत नाहीत) सरस ठरली नाही. म्हणून अशा गुडघ्याला आधी व्यायामोपचार द्यावेत, हा सल्ला रुग्णहिताचा आहे.

आरंभी तक्रार किरकोळ वाटते : जिना उतरताना कळ, मांडी मोडून उठताना हाताचा टेका, दिवसभर चालल्यावर संध्याकाळी सूज. निदानासाठी उभ्याने काढलेला एक्स-रे हवा. झोपवून काढलेल्या चित्रात सांध्यावर भार नसतो आणि कमी झालेली जागाही पुरेशी दिसू शकते. उपचारांत वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणे मुख्य. एकाच कप्प्यात झीज असलेल्या तरुणांत नडगीचे हाड कापून पायाचा अक्ष बदलतात. मृत दात्याच्या गादीचे रोपण निवडक रुग्णांत वेदना कमी करते. झीज थांबवते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.