निळी क्रीज, धक्का आणि रद्द गोल: गोलकीपर अडथळ्याच्या नियमाची पार्श्वभूमी
उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचे (एनएचएल) प्लेऑफ सुरू झाले की तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. ऐरोली-महापेच्या रात्रपाळीत सामने बघणारे ‘हा गोल रद्द का?’ यावर सकाळच्या लोकलपर्यंत भांडत असतात. त्यांचं चुकत नाही, कारण नियमच तसा घडत गेला आहे.

1990च्या दशकात सगळं रेषेवर ठरायचं. पकच्या (खेळातल्या रबरी चकतीच्या) आधी आक्रमकाचा स्केट निळ्या क्रीजमध्ये, म्हणजे जाळ्यासमोरच्या गोलकीपरच्या आखलेल्या जागेत, गेला की गोल बाद, गोलकीपरला स्पर्श झालेला नसला तरी. कबड्डीत झटापट होण्याआधी लॉबीत पाय पडला की खेळाडू बाद, तसाच हा हिशोब. जून 1999मध्ये बफेलोत अंतिम मालिकेचा सहावा सामना तिसऱ्या जादा कालावधीत गेला. डॅलस संघाच्या निर्णायक गोलच्या वेळी मारणाऱ्याचा पाय क्रीजमध्ये होता. पकचा ताबा त्याच्याकडेच होता, म्हणून गोल वैध ठरला. पुढच्या हंगामापासून रेषेचा नियम गेला आणि पंचाचा अंदाज आला. हा बदल योग्यच होता.

आता प्रश्न एवढाच: गोलकीपरला क्रीजमध्ये मोकळेपणी हलता आलं का? जाळं 6 फूट रुंद, क्रीज 8 फूट. एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाताना गोलकीपर मागच्या स्केटची धार बर्फात रोवून ढकलतो. त्याच क्षणी कुणाचा स्केट त्याच्या पायाला अडकला तर जोर लागत नाही आणि लांबचा खांब उघडा पडतो. कॅमेऱ्यात हा स्पर्श किरकोळ दिसतो, गोल मात्र त्यानेच होतो.

खरी गोची धक्क्याच्या कलमात आहे. बचावपटूनेच आक्रमकाला गोलकीपरवर ढकललं, तर तो अडथळा धरत नाहीत. अट अशी की आक्रमकाने टक्कर टाळायचा रास्त प्रयत्न केलेला हवा. रास्त म्हणजे किती? ढकलला गेलेला खेळाडू एका स्केटवर असेल तर त्याला थांबणं फार अवघड जातं. दोन्ही पाय बर्फावर असतील तर ब्रेक मारता येतो, पण किती अंतरात, ते कलम सांगत नाही. शिवाय धक्का लागण्याआधीच तो क्रीजच्या दिशेने निघाला होता का, हेही पंचाने ताडायचं. एकाच प्रकारच्या दोन धक्क्यांवर उलटसुलट निकाल येतात ते इथूनच. बदल करायचाच असेल तर याच वाक्यात करा. रेषेकडे परत जाण्याची मागणी 1999 विसरून केली जाते.

2015-16मध्ये प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क मिळाला. सुरुवातीला मैदानावरचे पंचच छोट्या पडद्यावर आपला निर्णय तपासत. मार्च 2018च्या अखेरीस अंतिम निर्णय टोरांटोच्या व्हिडिओ कक्षाकडे गेला. निकालात एकसारखेपणा थोडा आला, पण शंका उरली तर मूळ निर्णय कायम, हे तत्त्व राहिलंच.

2019-20पासून आव्हान फसलं तर 2 मिनिटांची शिक्षा, त्याच सामन्यात पुन्हा फसलं तर 4 मिनिटांची. म्हणजे गोल खाल्लेला संघ वर एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. त्यामुळे धक्क्याच्या संशयास्पद प्रसंगात, विशेषतः बरोबरीच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, कालावधीत, बरेच प्रशिक्षक आव्हान देतच नाहीत, आणि तो गोल फलकावर तसाच राहतो.